सकाळी न उठणारा माऊस

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी रत्नागिरीहून आईचा फोन आला. "अरे, तुझा उंदीर आज उठायलाच तयार नाही. संगणक चालू झालाय, पण पडद्यावर बाणच नाही." आई निवृत्त शिक्षिका आहे आणि सध्या तिने एका वाचनालयाच्या जुन्या नोंदवह्यांतील पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये उतरवून देण्याचे काम अंगावर घेतले आहे. तिच्याकडे विंडोज १० असलेला टेबलावरचा संगणक आहे आणि त्याला वायरचा साधा यूएसबी माऊस जोडलेला आहे. मी पुण्यात असल्यामुळे या घरातील संगणकाच्या सर्व तक्रारी माझ्याकडे फोनवरूनच येतात. ही तक्रार मात्र एका फोनमध्ये मिटली नाही. ती जवळजवळ अडीच महिने चालली, कारण मी सुरुवातीलाच दोन चुका केल्या आणि शिवाय दोष एक नसून दोन होते.

आईच्या पहिल्याच वाक्यात एक महत्त्वाचा पुरावा होता, तो मी ऐकला पण मनावर घेतला नाही. "बाण हलत नाही" आणि "बाणच नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. विंडोज १०मध्ये संगणकाला एकही माऊस जोडलेला आढळला नाही, तर बाण पडद्यावर येतच नाही. बाण दिसतो पण जागचा हलत नाही, तेव्हा माऊसची ओळख पटलेली असण्याची शक्यता असते आणि दोष त्याच्या पोटातील सेन्सरचा, खालच्या चकचकीत काचेचा किंवा अडकून पडलेल्या संगणकाचा असू शकतो. बाणच नसेल तर संगणकाच्या लेखी माऊस अस्तित्वातच नाही. आईची तक्रार या दुसऱ्या प्रकारची होती.

मी नेहमीचा उपाय सांगितला: "माऊसची वायर काढ आणि पुन्हा लाव." आईने "हो" म्हटले, आणि पाच मिनिटांनी तिचा पुन्हा फोन आला की काहीही फरक पडलेला नाही. नंतर खोदून विचारल्यावर कळले की तिने आधी संगणक रीतसर बंद केला, भिंतीवरील बोर्डाचे बटण बंद केले, मग वायर काढून पुन्हा लावली आणि त्यानंतर संगणक चालू केला. ती असे का करते, याला इतिहास आहे. तिच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा माऊसला सहा पिनांचा गोल प्लग असे. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या पीएस/२ या संगणकांवरून त्या जोडणीला तेच नाव पडले, आणि पुढे माऊससाठी हिरवा व कीबोर्डसाठी जांभळा असे रंग रूढ झाले. ती जोडणी चालू संगणकातून काढण्यासाठी बनवलेलीच नव्हती. संगणक सुरू होताना माऊस जागेवर नसेल, तर नंतर लावून सहसा उपयोग होत नसे आणि चालू स्थितीत ओढाताण केल्यास मदरबोर्डाचे, म्हणजे संगणकाच्या आतील मुख्य सर्किटचे, नुकसान होण्याचीही भीती असे. शाळेतील संगणकाच्या शिक्षकांनी घालून दिलेली ती शिस्त आईने आजवर पाळली आहे. यूएसबीचे मात्र उलट आहे. चालू संगणकात उपकरण कधीही लावता आणि काढता यावे, हा त्या जोडणीच्या मूळ हेतूंपैकी एक होता. आईला ते समजावल्यावर तिने घाबरत घाबरत चालू संगणकातून माऊसची वायर काढली, पुन्हा लावली आणि बाण लगेच हजर झाला.

येथे माझी पहिली चूक झाली. वायर काढून लावल्यावर माऊस चालू झाला म्हणजे प्लग सैल असणार, असा निष्कर्ष काढून मी तो विषय तिथेच संपवला. वास्तविक वायर काढून लावल्याने दोष दूर होत नाही, फक्त त्याचा माग पुसला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी माऊस पुन्हा नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता.

चौथ्या दिवशी मी दुसरी चूक केली. नवा माऊस घ्यायला सांगितला. जवळच्या दुकानातून आईने साडेतीनशे रुपयांचा माऊस आणला, तो चालू संगणकाला लावला, तो दिवसभर उत्तम चालला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोही उठला नाही. पैसे अगदीच वाया गेले असे म्हणता येणार नाही, कारण दोन वेगवेगळे माऊस एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने बिघडणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे निदान जुना माऊस निर्दोष ठरला. (तोही पूर्ण निर्दोष नव्हता, हे पुढे कळले.) आईला तो नवा माऊस हाताला फार हलका वाटला, म्हणून तिने खोक्यात घालून कपाटात ठेवला आणि जुनाच पुन्हा जोडला.

यानंतर मी जरा डोके शांत ठेवून विचार केला. यूएसबीच्या वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, म्हणजे पाच व्होल्टची एक आणि तिची परतीची एक, आणि दोन माहितीच्या. माऊसच्या आत दीड किलो-ओहमचा एक चिमुकला रेझिस्टर माहितीच्या दोन तारांपैकी एकीला वर ओढून धरतो, आणि तेवढ्यावरून पोर्टाला, म्हणजे प्लग बसतो त्या खाचेला, कळते की कोणीतरी आले आहे. कोणती तार वर ओढली आहे यावरून उपकरणाचा वेग कळतो. माऊस बहुधा सर्वांत मंद गटात, सेकंदाला १५ लाख बिट एवढ्या वेगाने बोलतो. मग संगणक त्या पोर्टाला एकदा रीसेट करतो, उपकरणाकडे त्याची ओळख मागतो, त्याला १ ते १२७ यांमधील एक क्रमांक देतो आणि त्यानंतरच त्याच्याकडून काम घेऊ लागतो. ओळख पटेपर्यंत उपकरणाने जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर वीज घ्यायची असते, त्याहून जास्त हवी असल्यास ती परवानगी नंतर मागायची असते. माऊसला एवढी लागतच नाही, त्यामुळे वीज अपुरी पडणे हे कारण बाहेरच्या हार्ड डिस्कच्या बाबतीत जितके खरे असते तितके माऊसच्या बाबतीत सहसा नसते.

ही ओळखपरेड संगणक चालू होताना एकदा नव्हे, दोनदा होते. पहिल्यांदा ती मदरबोर्डावरील बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी संगणक जागा करणारा छोटा कार्यक्रम, करतो, कारण विंडोज येण्याच्या आधी कोणी बायोसच्या सेटिंगमध्ये शिरले तर त्याला कीबोर्ड आणि माऊस लागतोच. पुढे विंडोज यूएसबीचा ताबा घेते आणि सगळ्यांना नव्याने विचारणा करते. म्हणूनच बायोसमध्ये चालणारा पण विंडोजमध्ये न चालणारा माऊस, आणि दोन्हीकडे न चालणारा माऊस, हे दोन स्वतंत्र आजार आहेत. पहिल्यात वायर, प्लग, पोर्ट आणि मदरबोर्ड यांवर फारसा संशय घ्यायचे कारण उरत नाही. दुसऱ्यात विंडोजची ड्रायव्हर-फाइल, म्हणजे माऊसशी कसे बोलायचे हे विंडोजला सांगणारा कार्यक्रम, उगाच काढून टाकण्यात अर्थ नसतो. पोर्टात वीजच येत नसेल, तर तो तिसरा आणि सर्वांत सोपा प्रकार. लोक यातला कोणताही प्रकार असो, थेट ड्रायव्हरपासून सुरुवात करतात, आणि मीही तेच करणार होतो.

त्या रविवारी मी आईला फोनचा व्हिडिओ चालू करून माऊस उलटा धरायला सांगितला. तिचा माऊस लाल दिव्याचा आहे, त्यामुळे तो दिवा हा आमचा साक्षीदार झाला. (काही माऊसमध्ये अवरक्त किरणांचा दिवा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण अनेक फोनच्या कॅमेऱ्यात फिकट जांभळट दिसतो.) आईने सीपीयूचे बटण दाबले. मदरबोर्डाच्या कंपनीचे चिन्ह आले तेव्हा लाल दिवा लख्ख लागलेला होता. मग विंडोजचे निळे चौकोन आणि त्याखाली गोल फिरणारे ठिपके आले, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या फेरीला दिवा विझला. तो पुन्हा लागला नाही. आई म्हणाली, "अरे, हा तर चांगला उठला होता. याला कोणीतरी झोपवला." तांत्रिक भाषेत मी ते याहून नेमके मांडू शकलो नसतो. यूएसबीवर झोपवलेल्या उपकरणाने जवळजवळ शून्य वीज घ्यायची असते, आणि म्हणून झोपलेला माऊस आपला दिवा मालवतो. थोडक्यात, बायोसने माऊस उठवला होता आणि विंडोजने ताबा घेताना तो निजला होता. खात्रीसाठी दुसऱ्यांदा चालू करताना डिलीटची कळ दाबून बायोसच्या सेटिंगमध्ये जायला सांगितले. तिच्या मदरबोर्डाचा तो पडदा चित्रमय असल्याने तेथे बाण दिसतो, आणि तो व्यवस्थित हलत होता.

माऊस नसताना विंडोजमध्ये तपास करायचा तर सगळे कीबोर्डवरून करावे लागते, आणि फोनवरून ते सांगणे म्हणजे दोघांच्याही संयमाची परीक्षा असते. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबल्यावर डावीकडे एक यादी उघडते, तिथे एम दाबले की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकातील सर्व उपकरणांची यादी, येतो. टॅब दाबून यादीत शिरायचे, खाली-वर बाणांच्या कळांनी सरकायचे आणि उजव्या बाणाच्या कळेने गट उघडायचा. उजव्या क्लिकची यादी शिफ्ट आणि एफ१० दाबून मिळते. आणखी एक सोय फार कमी लोकांना माहीत आहे: डावीकडील ऑल्ट, डावीकडील शिफ्ट आणि नम-लॉक एकत्र दाबल्यास विंडोज विचारते की अंकांच्या कळांनी बाण हलवायचा आहे का. एंटर दाबल्यास ४, ६, ८, २ या कळांनी बाण सरकतो आणि ५ने क्लिक होते. आईला ही सोय इतकी आवडली की माऊस पूर्ववत झाल्यावरही ती दोन दिवस तसेच काम करत होती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसचा गटच नव्हता. 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' करूनही तो आला नाही. मग डेस्कटॉपवर जाऊन ऑल्ट आणि एफ४ दाबले आणि यादीतून शटडाउन न निवडता रीस्टार्ट निवडले. माऊस आला.

हे अनपेक्षित होते. संगणक बंद करून चालू केला की माऊस गायब, आणि रीस्टार्ट केला की हजर. आपल्या सर्वांच्या समजुतीप्रमाणे बंद करून चालू करणे हा मोठा उपचार आणि रीस्टार्ट हा त्याचा छोटा भाऊ. विंडोज ८ आले त्या २०१२ सालापासून हे नाते उलटे झाले आहे. त्या आवृत्तीपासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली, आणि ज्या संगणकात हायबरनेट करण्याची, म्हणजे चालू अवस्था डिस्कवर लिहून बंद होण्याची, क्षमता आहे तिथे ती आपोआप चालू असते. शटडाउन केल्यावर आपले कार्यक्रम बंद होतात, आपले खाते बाहेर पडते, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची त्या क्षणीची अवस्था डिस्कवरील एका लपवलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी ती नव्याने उभी न करता त्या फाइलमधून वाचून घेतली जाते, म्हणून संगणक लवकर सुरू झाल्यासारखा वाटतो. रीस्टार्टमध्ये मात्र ही पळवाट वापरली जात नाही, तिथे सगळे मुळापासून सुरू होते. आईला मी तिच्या भाषेत सांगितले की हे म्हणजे वर्गात शिरल्यावर हजेरी न घेता कालचीच हजेरी आजच्या तारखेखाली उतरवण्यासारखे आहे. "मग कालचा कोणी आज बदलला असेल तर?" तिने विचारले. बरोबर तोच प्रश्न होता.

याचा पडताळा कोणालाही घरी घेता येतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा, परफॉर्मन्स या भागात सीपीयूवर जावे, आणि खाली 'अप टाइम' म्हणून जो आकडा आहे तो पाहावा. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या आईच्या संगणकावर तो आकडा दिवसांमध्ये होता, तासांमध्ये नव्हता. विंडोजच्या हिशेबी तो संगणक शेवटच्या रीस्टार्टपासून बंद झालेलाच नव्हता.

तरीही एक प्रश्न उरत होता. फास्ट स्टार्टअप हा संगणक घेतल्या दिवसापासून चालूच होता, मग माऊस जूनमध्येच का रुसला? मी आईला विचारले की अलीकडे काय बदलले. तिने काहीच नाही असे सांगितले. कोणताही नवा कार्यक्रम नाही, नवे उपकरण नाही, वीजपुरवठ्याची तक्रार नाही. मग फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "पाऊस सुरू झाल्यापासून मी रात्री बोर्डाचं बटण बंद करते हो. विजा केवढ्या कडाडतात! पूर्वी रात्री त्या उंदराचा लाल दिवा दिसायचा, आता तोही नसतो."

कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला आकाशात जे नाट्य चालते ते पाहिलेल्या कोणालाही या सवयीत खोट काढता येणार नाही. पण तिच्या त्या वाक्यात उत्तर होते. सीपीयू बंद असला तरी बोर्डाचे बटण चालू असेल तोवर त्याचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्डाला पाच व्होल्टची राखीव वीज देत राहतो, आणि अनेक मदरबोर्डांमध्ये ती यूएसबी पोर्टांनाही मिळते. म्हणूनच संगणक बंद असतानाही माऊसचा दिवा लागलेला राहतो. मे महिन्यापर्यंत माऊस रात्रभर विजेवर असे आणि सकाळी विंडोजने कालची हजेरी वाचली तरी ती खरी ठरे. जूनपासून रात्री पोर्टांची वीज पूर्ण जात होती, सकाळी ते शून्यातून उठत होते, आणि विंडोज मात्र काल रात्रीच्या नोंदीवरून त्यांच्याशी बोलायला जात होते. विंडोजच्या पोटात नेमकी कोणती पायरी चुकत होती, याबद्दलचा माझा हा तर्क आहे, पण बोर्डाचे बटण आणि माऊस यांचा संबंध आम्ही तपासून पाहिला.

तपासाचे श्रेय आईचे. तिने शाळेच्या जुन्या वहीत चार रकाने आखले: तारीख, रात्री बोर्डाचे बटण, सकाळी माऊस, शेरा. आठ रात्री एक आड एक बटण बंद आणि चालू ठेवायचे ठरले (ज्या रात्री चालू ठेवायचे त्या रात्री पाऊस असला तरी गडगडाट नाही, एवढी अट तिने घातली, त्यामुळे आठ रात्रींना अकरा दिवस लागले). बटण बंद असलेल्या चारही रात्रींनंतर माऊस आला नाही. चालू असलेल्या चारपैकी तीन रात्रींनंतर आला. चौथ्या ओळीत, बटण चालू असूनही माऊस अनुपस्थित होता आणि शेऱ्याच्या रकान्यात आईच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, "वायर जरा हलवली तेव्हा आला." त्या ओळीकडे मी सोयीस्कर दुर्लक्ष केले. सातास एक असा कौल मिळाल्यावर कोणाला उरलेल्या एकाची फिकीर असते?

उपाय दोन मिनिटांचा होता. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरच्या बाजूला 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', कारण त्यावर टिचकी मारल्याशिवाय खालचे चौकोन फिकटच राहतात, आणि शेवटी 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढून 'सेव्ह चेंजेस'. ज्यांना ही सोय कायमची बंद करायची नाही, त्यांनी शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक केले तरी त्या एका वेळेपुरता संगणक खऱ्या अर्थाने बंद होतो. निदानासाठी हीच युक्ती आधी वापरावी. शिफ्टसह बंद केल्यावर सकाळी माऊस आला आणि एरवी येत नाही, तर कारण सापडलेच. आईच्या संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, त्यामुळे आता चालू व्हायला पूर्वीपेक्षा अर्धा-पाऊण मिनिट जास्त लागते. तेवढ्यात तिचा चहा गाळून होतो.

दोष विंडोजच्या बाजूचा आहे पण फास्ट स्टार्टअप बंद करूनही जात नाही, अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमधील पॉवर मॅनेजमेंट या भागात वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्यावी, आणि पॉवर ऑप्शन्समधील 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' थांबवावे. बायोसमध्येही माऊस दिसत नसेल तर सीपीयूच्या पुढच्या पोर्टातून काढून मागच्या पोर्टात लावावा. मागची पोर्टे थेट मदरबोर्डावर बसवलेली असतात, पुढची आतल्या एका वायरीने जोडलेली असतात आणि साफसफाईत ती वायर सैल होऊ शकते. मध्ये एक्स्टेन्शन वायर किंवा हब असेल तर तो आधी दूर करावा. मंद गतीच्या यूएसबी उपकरणाची वायर ३ मीटरपेक्षा लांब नसावी अशी मर्यादा आहे. कोणी अजून विंडोज ७ वापरत असेल आणि मदरबोर्ड इंटेलच्या २०१५ सालच्या सहाव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर तिथे वेगळाच प्रकार आहे. त्या मदरबोर्डांतून यूएसबी २ चा जुना कंट्रोलर, म्हणजे पोर्टे सांभाळणारे सर्किट, काढून टाकला गेला आणि विंडोज ७मध्ये नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर मुळातच नव्हता, त्यामुळे बायोसमध्ये चालणारे माऊस आणि कीबोर्ड दोन्ही विंडोज ७ बसवताना निर्जीव होतात.

जुलै महिना निर्वेध गेला. ऑगस्टमध्ये आईचा पुन्हा फोन आला, पण या वेळी लक्षणे निराळी होती. दिवा लागलेला, सकाळी चालू करताना कधी माऊस मिळे, कधी न मिळे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असा संदेश येई. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि पुढे 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड', कोड ४३. रीस्टार्ट करूनही ते जाईना. मला वहीतील ती चौथी ओळ आठवली आणि शरमल्यासारखे झाले. कपाटातला हलका माऊस जोडला, तो रोज सकाळी बिनतक्रार आला. आता संशय जुन्या माऊसवरच होता, आणि गणपतीला घरी जायचेच होते.

घरी पोहोचल्यावर आरती, नैवेद्य आणि येणारी-जाणारी माणसे यांतून दुपारी सवड मिळाली तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरून माऊस उघडला. तळाच्या दोन निसरड्या पट्ट्यांपैकी एकीखाली स्क्रू लपलेला होता. आत एक छोटे सर्किट, त्यावर वायरीचा पांढरा चार पिनांचा जोड. वायरीच्या चारही तारांचे रंग पुस्तकात असतात तसे लाल, पांढरा, हिरवा आणि काळा असेच होते, पण स्वस्त माऊसमध्ये रंगांवर विसंबू नये, म्हणून प्लगच्या पट्टीपासून तारेच्या टोकापर्यंत मल्टिमीटरने तपासले. प्लगच्या तोंडात नीट पाहिले तर चार सोनेरी पट्ट्यांपैकी कडेच्या दोन थोड्या लांब आणि मधल्या दोन आखूड दिसतात. कडेच्या विजेच्या आहेत, त्या आधी टेकाव्यात म्हणून लांब ठेवल्या आहेत. यामुळेच प्लग अर्धवट बसला तर दिवा लागतो पण माऊस चालत नाही.

लाल तारेने बीप दिला, काळीने दिला, पांढरीनेही दिला. हिरवी गप्प होती. वायर जिथे माऊसच्या तोंडातून बाहेर पडते तिथे ती दोन बोटांनी डावीकडे वाकवली आणि मीटर ओरडला, सोडली आणि थांबला. तार वरच्या आवरणाच्या आत, नेमकी रोज सीपीयूकडे वळणाऱ्या वळणावर तुटली होती. संदेशाचा अर्थही आता लागला. मंद गतीच्या माऊसमध्ये तो दीड किलो-ओहमचा रेझिस्टर पांढऱ्या तारेवर असतो. पांढरी शाबूत असल्यामुळे संगणकाला कोणीतरी आल्याचे कळत होते, वीज मिळत असल्याने दिवा लागत होता, पण ओळख विचारली की हिरवीशिवाय उत्तर धड पोहोचत नव्हते, आणि विंडोज कोड ४३ लिहून मोकळे होत होते. हिरवीऐवजी पांढरी तुटली असती तर दिवा लागूनही संगणकाने एक शब्द काढला नसता, संदेशसुद्धा आला नसता. जूनमध्ये मी दिव्याला साक्षीदार मानले होते. तो खोटे बोलत नाही, पण त्याला फक्त कडेच्या दोन तारांपुरतेच माहीत असते.

तुटलेल्या जागेच्या पुढे वायर कापली, चारही तारांची टोके सोलून कथिलाने त्या जोडाच्या उरलेल्या तुकड्यांना सोल्डर केली, प्रत्येकीवर वेगळी नळी चढवली आणि माऊस बंद केला. कोळशासारखा वास घरभर पसरल्यामुळे आईने स्वयंपाकघरातून विचारले की गणपतीच्या दिवसांत हे जाळपोळीचे काम आजच करायचे होते का. सायंकाळी बोर्डाचे बटण बंद केले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनेच ते चालू केले, आणि मी उठून बाहेर आलो तेव्हा तिने वहीत शेवटची ओळ लिहून ठेवली होती: बटण बंद, माऊस हजर, आणि शेऱ्यात, "वायर चार बोटे आखूड झाली आहे, सीपीयू डावीकडे सरकवावा लागेल."